ऑगस्टातला काठ

गल्फमधून परत आलेल्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. उन्हाळा कसा सोसलात, आणि सोनं किती आणलंत. संपादकांनी अंकासाठी लिहा म्हटलं तेव्हा त्यांच्याही मनात यापेक्षा वेगळं काही असेल असं वाटत नाही. उन्हाळा सगळे सोसतात तसाच सोसला, आणि सोन्याचं मंदाला विचारा, ती माझी बायको आहे आणि ती सांगणार नाही. मी कतारमध्ये चोवीस वर्षं जमीन मोजली. त्या सगळ्या मोजणीतून सांगण्यासारखं माझ्याकडे काय उरलं म्हणाल, तर सहा काँक्रीटचे खांब. त्यांचंच सांगतो.

आधी धंदा समजावून द्यायला हवा, कारण सर्व्हेअर काय करतो हे त्याच्या सासरच्यांनाही माहीत नसतं. रस्त्याच्या कडेला तिपाई उभी करून एक माणूस डोळा बारीक करून बघत असतो, तो मी. लोकांना वाटतं फोटो काढतोय. दोहातल्या बिन महमूद भागात, आमच्या घराजवळच्या चौकात एकदा मोजणी करत होतो तर चार पठाण कामगार खांद्यावर हात टाकून ओळीने उभे राहिले आणि हसले. मी त्यांना नाराज केलं नाही, बटण दाबल्यासारखं केलं आणि हात हलवला. त्या यंत्रातून निघालेला किरण पलीकडच्या माणसाच्या दांड्यावरच्या काचेला लागून परत येतो आणि अंतर कळतं. एवढंच. बाकी सगळं काम म्हणजे कुठून मोजायचं हे ठरवणं. अंतर यंत्र सांगतं, सुरुवात माणसाने सांगायची असते. माझं जे काही चुकलं ते त्या सुरुवातीत चुकलं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची भेटली. द पर्ल या श्रीमंत वस्तीत समुद्राकाठी फ्लॅट घेतलेल्या एका गृहस्थाने मला बोलावलं आणि म्हणाला, समोर टॉवर उभा राहिलाय, त्याने माझा समुद्र किती कापला ते मोजून द्या. मी म्हटलं, समुद्र मोजत नाही, जमीन मोजतो. पण पैसे देणाऱ्याला नाही म्हणायचं नसतं. त्याच्या बाल्कनीत यंत्र लावलं, या टोकापासून त्या टोकापर्यंतचा कोन काढला, टॉवरने खाल्लेला तुकडा वजा केला आणि रंगीत नकाशा करून दिला. त्याने तो चौकटीत बसवला आणि जिथून पूर्वी समुद्र दिसायचा त्याच खिडकीशेजारी टांगला. पाहुण्यांना तो आधी नकाशा दाखवायचा आणि मग खिडकी.

पण खांबांची गोष्ट बू सालेमची आहे. बू सालेम म्हणजे सालेमचे वडील. तिकडे माणसाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, त्यामुळे त्यांचं स्वतःचं नाव मला कागद करतानाच कळलं. ऐंशीच्या घरातले, बारीक, ताठ, हातात काठी पण टेकायला नाही, बोट दाखवायला. त्यांचे वडील मोत्यांच्या व्यापारात मुंबईला जायचे, हेही लहानपणी दोनदा आले होते, त्यामुळे हिंदी बरी होती. आमचं सगळं बोलणं त्या हिंदीत झालं, इथे मराठीत देतो. मला ते कायम 'मुहंदिस' म्हणायचे, म्हणजे इंजिनिअर. मी डिप्लोमावाला आहे हे मी एकदा सांगून बघितलं, त्यांनी ऐकलं नाही.

दोहाबाहेर, दुखानच्या रस्त्याला त्यांचं मोठं शेत होतं. खजूर, थोडा घासचारा, उंट, बकऱ्या. आणि शेताच्या खालच्या अंगाला एक तळं. कतारमध्ये नदी नाही, नाला नाही, पाऊस म्हणजे वर्षातून दोनदा गाडीच्या काचेवर पडलेला चिखल. मग तळं आलं कुठून? शहरातलं सांडपाणी शुद्ध करून जे उरतं ते बरीच वर्षं त्या बाजूच्या खोलगट जमिनीत सोडलं जायचं. थोडक्यात, आम्ही लाखभर लोकांनी दोहात फ्लश ओढला की तिकडे बू सालेमच्या तळ्यात भर पडायची. त्या तळ्यात हिवाळ्यात रोहित पक्षी यायचे, शेकड्यांनी, गुलाबी. पक्ष्यांना कुणी सांगितलं नव्हतं पाणी कुठलं ते, आणि मीही मंदाला पहिली दोन वर्षं सांगितलं नाही.

बू सालेमना त्या तळ्याच्या काठी कुणी कधी बांधकाम करू नये असं वाटायचं. नुसतं वाटून उपयोग नाही, त्यांना ते कागदावर हवं होतं. जमीन विकायची नव्हती, दानही द्यायची नव्हती. आपल्याकडे वहिवाट म्हणतात ना, शेत माझं पण बांधावरून शेजाऱ्याची बैलगाडी जाणार आणि मी ती अडवू शकत नाही, शेत विकलं तरी घेणाऱ्यालाही अडवता येणार नाही. हा करार त्याच जातीचा, फक्त उलटा. शेजाऱ्याला काही करू देण्याचा नाही, स्वतःला काही करू न देण्याचा. जमीन तुमचीच राहते, मुलांना जाते, विकताही येते. पण काठाच्या पट्ट्यात घर, भिंत, कुंपण, धक्का काही बांधायचा हक्क तुम्ही कायमचा सोडून देता. तो पाळला जातोय की नाही हे बघायला एक पक्षीप्रेमी संस्था नेमली, तिने वर्षातून एकदा मोजणीदार पाठवायचा, तसा दाखला घ्यायचा. वकिलाने असा दस्त आधी केलेला नव्हता, चार देशांचे मसुदे एकत्र करून त्याने एक शिवला. मोजणी आमच्या कंपनीकडे आली आणि कंपनीने माझ्याकडे ढकलली.

मी त्यांना विचारलं होतं, एवढं कशासाठी? पक्ष्यांसाठी?

"पक्षी पाहुणे आहेत," बू सालेम म्हणाले. "माझी आई दोन कोसांवरून विहिरीचं पाणी आणायची. त्या विहिरीला कुणी दार लावलं नव्हतं. कुणाचाही उंट यायचा. पाण्याला लागून घर बांधलं की पाणी त्या घराचं होतं. मग बाकीच्यांनी विचारून यायचं."

वकिलाच्या कचेरीत त्यांनी सांगितलेलं वाक्य मला अजून पाठ आहे. "लिहा, पाणी जिथवर येतं तिथून शंभर मीटर." वकील ते लिहायला लागला आणि मी मध्ये बोललो. कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, शेख, पाणी हलतं. उद्या भांडण झालं तर पाणी साक्षीला येणार नाही. आपण आत्ताचा काठ मोजू, तिथून शंभर मीटरवर पक्के खांब रोवू, त्यांचे आकडे दस्तात घालू. दोन सेंटीमीटर इकडचं तिकडे होणार नाही. वकील खूश झाला. बू सालेमनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं आणि म्हणाले, "मुहंदिस म्हणतो तसं लिहा." मला तेव्हा झालेला आनंद आठवला की आजही शरम वाटते.

मोजणी झाली ऑगस्टात. उन्हाळ्यात तिकडे दहा वाजल्यापासून दुपारी साडेतीनपर्यंत उघड्यावर काम करायला सरकारची बंदी असते, म्हणून आम्ही पहाटे साडेचारला निघायचो आणि साडेनऊला सामान गुंडाळायचो. आम्ही म्हणजे मी आणि सोपान. सोपान आमचा ड्रायव्हर, बीडकडचा, चाळिशी ओलांडलेला, बायकामुलं गावी. ज्या दिवशी दांडा धरायला माणूस नसायचा त्या दिवशी दांडाही तोच धरायचा. काचेचा दांडा घेऊन तो काठाकाठाने चालत होता आणि मी वर तिपाईपाशी उभा राहून बिंदू घेत होतो. एकदम तो थांबला.

"साहेब, हितं न्हाई धरायचा दांडा," तो तिथूनच ओरडून म्हणाला.

"का रे?"

"ह्यो काठ न्हाई. ह्यो तर तळ्याचा तळ हाय. काठ तिकडं वर हाय." त्याने माझ्या बाजूला वर हात केला. "पांढरं उमटलंय बघा सगळीकडं. पाणी तितवर येतंय."

मी पायाशी पाहिलं. जमिनीवर मिठाचा पांढरा पापुद्रा होता खरा. पण कतारमध्ये मिठाचा पापुद्रा कुठे नसतो? आणि माझ्या डोक्यात शंका यायला जागाच नव्हती, कारण महिना ऑगस्ट होता.

हे नीट सांगायला हवं. मी इगतपुरी तालुक्यातला. आमचं गाव धरणाच्या फुगवट्याला लागून. आमच्याकडे ऑगस्ट म्हणजे धरण काठोकाठ. पंधरा ऑगस्टला शाळेतून झेंडा वंदून आलो की पाणी कुठवर आलं ते बघायला आम्ही पोरं धावत जायचो, आणि ते जिथवर आलेलं असेल त्याच्या पुढे मग वर्षभर येत नसे. माझे वडील भूमिअभिलेखमध्ये मोजणीदार होते, फुगवट्याची हद्द तेही ऑगस्टातच बघायचे. त्यामुळे ऑगस्टातलं पाणी म्हणजे जास्तीत जास्त पाणी, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं, ते हाडातच होतं. बाहेर पंचेचाळीस अंश तापमान होतं, ऊन तळ्यातून पाणी ओढून घेत होतं, शहराच्या बागांना पाणी जास्त लागत असल्यामुळे तळ्यात येणारंही कमी झालं होतं, माझा शर्ट अंगाला चिकटला होता, आणि तरी मी इगतपुरीत होतो.

"सोपान," मी म्हणालो, "ऑगस्टात याहून वर पाणी येत नाही."

"तुमच्या नाशकाकडं भरत असंल ऑगस्टात," तो म्हणाला. "आमच्याकडं तर तवा बी भरत न्हाई. अन् हितं कुठला आलाय पाऊस?"

उत्तर नसलं की साहेब लोक जे करतात ते मी केलं. म्हणालो, "मोजणी मी करतो. गाडी तू चालव." सोपानने दांडा मी सांगितला तिथे धरला. दोन दिवसांत काठ मोजून झाला, शंभर मीटर वर सहा खांब रोवले, प्रत्येकावर पितळी चकती. सप्टेंबरात दस्त नोंदवला गेला आणि बू सालेमनी आम्हा दोघांना बकरा कापून जेवण घातलं.

जानेवारीत संस्थेची पहिली तपासणी आली. हवा छान, म्हणून मंदालाही बरोबर घेतलं, डब्यात थालीपीठं घेतली. रोहित पक्षी बघायचे आणि दाखला लिहून परत यायचं, असा सहलीचा बेत. सोपानने गाडी वळवली आणि मंदा म्हणाली, "अगंबाई, किती पाणी." मग जरा वेळाने म्हणाली, "अहो, पण तुमचे खांब पाण्यात का रोवलेत?"

सहापैकी पाच खांबांच्या पायाला पाणी लागलं होतं आणि चौथा चांगला गुडघाभर पाण्यात होता. त्याच्या डोक्यावर, माझ्या पितळी चकतीवर, एक पाणकावळा पंख पसरून वाळवत बसला होता. तिथली जमीन ताटासारखी सपाट. पाणी हातभर चढलं की काठ शंभर पावलं सरकतो. म्हणजे ज्या शंभर मीटर पट्ट्यात कायमची बांधकामबंदी होती तो पट्टा जवळजवळ सगळाच पाण्याखाली होता. मी दोन सेंटीमीटरच्या अचूकतेने तळ्यात घर बांधायला मनाई केली होती. आणि खरा काठ, ज्याच्यासाठी तो म्हातारा एवढा झटला, तो खांबांच्या मागे मोकळा होता. तिथे कुणीही काहीही बांधू शकत होतं.

सोपान गाडीला टेकून उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने नजर दुसरीकडे वळवली आणि मंदाला विचारलं, "वैनी, लोणचं आणलंय का?" त्या दिवशी किंवा नंतर कधीही तो 'मी म्हटलं होतं' असं म्हणाला नाही. म्हणाला असता तर मला त्याच्यावर चिडता तरी आलं असतं.

मी दाखला लिहिला. 'पट्ट्यात कोणतेही बांधकाम आढळले नाही.' खरंच होतं ते.

ऑफिसात मॅनेजरला सांगितलं. लेबनीज गृहस्थ, फार गोड बोलायचे. त्यांनी विचारलं, "क्लायंटची तक्रार आली?" मी म्हटलं, नाही. "मग चूक कुठे आहे?" ते म्हणाले आणि मला करक, म्हणजे तिकडचा दाट दुधाचा चहा मागवला. चूक लेखी मान्य केली की कंपनीवर येणार, कंपनीवर आलं की माझ्यावर येणार, आणि माझा तिथला राहण्याचा परवाना कंपनीच्या नावावर. धाकटीचं इंजिनिअरिंगचं शेवटून दुसरं वर्ष चालू होतं. ही कारणं मी तेव्हा स्वतःला रोज सांगायचो. खरं एकच होतं, मी घाबरलो होतो. पुढच्या जानेवारीतही गेलो, पाणी तिथेच होतं, पाणकावळाही बहुधा तोच होता, आणि दाखलाही तोच लिहिला. बू सालेमनी दाखला हातात घेऊन दोन्ही डोळ्यांना लावला. त्या दिवशी तरी बोलायला हवं होतं.

तिसऱ्या हिवाळ्याच्या सुरुवातीला सालेमचा फोन आला. सालेम बाहेर शिकून आलेला, अदबशीर, कधी आवाज चढवायचा नाही. त्याने ऑफिसात येऊन आमचाच नकाशा टेबलावर पसरला. खांबांच्या मागच्या रेषेवर त्याने पेन्सिलने चौदा चौकोन काढले होते. आठवडाअखेरीला भाड्याने द्यायची छोटी घरं, प्रत्येकाचा व्हरांडा पाण्यावर.

"बाबांचा करार मला मान्य आहे," तो म्हणाला. "खांबांच्या आत मी एक वीट ठेवणार नाही. तुम्ही आखून द्या, म्हणजे शंकाच नको."

मॅनेजर म्हणाले, अर्थात, आनंदाने. मी म्हटलं माझ्या पोटात दुखतंय आणि उठलो. खाली सोपानला म्हणालो, "शेतावर चल." तो काही न विचारता निघाला. दुखानचा रस्ता तसाही सरळ आहे, त्यावर बोलण्यासारखं काही नसतं.

बू सालेम मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, एकटेच होते. मी खजूर घेतला नाही, कॉफी घेतली नाही, उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. ऑगस्ट, इगतपुरी, पांढरा पापुद्रा, सोपान काय म्हणाला, मी त्याला काय म्हणालो, मंदाने काय विचारलं, सालेमचे चौदा चौकोन. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मी दर हिवाळ्यात बघतो. पाणी खांबापर्यंत येतं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मला वाटलं मशीन बरोबर असेल, पाणीच चुकलं असेल." ते हसले नाहीत. "मुहंदिसने सांगितलं होतं, पाणी साक्षीला येत नाही."

आयुष्यात माझ्या कामाबद्दल मला कुणी याहून वाईट काही बोललेलं नाही, आणि त्यांना वाईट बोलायचं नव्हतं. खरोखर त्यांचा माझ्यावर विश्वास होता, एवढंच.

मी म्हटलं, दुरुस्तीचा कागद करता येतो. मी लेखी देतो की चूक माझी. हिवाळ्यातला काठ मोजतो. तुम्ही नोंदणी कचेरीत येऊन सही करायची, खलास. वार होता बुधवार. गुरुवार मोजणीला लागणार, शुक्रवार-शनिवार सुट्टी, म्हणून रविवार ठरला. "इन्शाल्ला," बू सालेम म्हणाले. तिकडे या शब्दाचा अर्थ बघतो, जमलं तर, पासून शंभर टक्के पर्यंत काहीही असतो. त्यांच्या तोंडी तो शंभर टक्के होता. मग त्यांनी सोपानला आत बोलावलं, शेजारी बसवलं आणि स्वतःच्या हाताने कॉफी दिली. मला तोवर बसायलाही सुचलं नव्हतं.

गुरुवारी मी कबुलीचं पत्र लिहून मॅनेजरच्या टेबलावर ठेवलं आणि सोपानबरोबर जाऊन नवा काठ मोजला. पाणी अजून वाढायचं होतं, म्हणून यावेळी दांडा पांढऱ्या रेघेवर धरला. कुठे धरायचा ते त्यालाच ठरवू दिलं. संध्याकाळपर्यंत आकडे तयार होते. शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर बू सालेमना अर्धांगवायूचा झटका आला.

ते वाचले. पण उजवा हात गेला आणि वाचा गेली. डोकं शाबूत होतं असं मला वाटायचं, डॉक्टर नक्की सांगायला तयार नव्हते, आणि कचेरीत अशा माणसाची सही चालत नाही. मुखत्यार सालेम. मी दुरुस्तीचा कागद घेऊन त्याच्याकडे गेलो. त्याने तो सावकाश, दोनदा वाचला.

"बाबांनी ज्या काठावर सही केली तो मी पाळीन," तो म्हणाला. "ज्यावर केली नाही तो कसा पाळू?"

"त्यांच्या मनात कुठला काठ होता ते तुला माहीत आहे."

"माहीत आहे. पण मनातलं दस्तात येत नाही, असं तुम्हीच वकिलासमोर सांगितलंत. दोन सेंटीमीटर." तो टोमणा नव्हता. त्याला ते खरंच पटलेलं होतं. मग त्याने विचारलं, "मुहंदिस, तुमची स्वतःची जमीन आहे गावाला?"

"होती. धरणाच्या पाण्याला लागून."

"आता?"

"प्लॉट पाडून विकली. भावाचा आणि माझा मिळून निर्णय होता."

"घरं झाली तिथे?"

"झाली. मुंबईच्या लोकांचे बंगले."

"आणि प्लॉट कुणी मोजले?"

सुट्टी काढून मीच गेलो होतो मोजायला. ऑगस्टात. तिथे माझं काही चुकलं नव्हतं, एकाही बंगल्याच्या दारात आजवर पाणी आलेलं नाही. गावातल्या म्हशींना आता फुगवट्याकडे जायला वाट उरलेली नाही, असं भाऊ मागे फोनवर म्हणाला होता. सालेमने माझ्याकडे पाहिलं, कागदाची घडी घातली आणि अगदी नम्रपणे मला परत दिली.

कंपनीने मला काढलं नाही. कबुलीचं पत्र मॅनेजरांनी टेबलाच्या खणात टाकलं आणि म्हणाले, क्लायंट इतका समाधानी आहे की त्याला हे दाखवणं बरं दिसणार नाही. चौदा घरांची आखणी मला करावी लागली. दुसऱ्या कुणी केली असती तरी घरं झालीच असती, असं मी सोपानला म्हणालो. तो म्हणाला, "व्हय साहेब," आणि दांडा धरून उभा राहिला. वर्षभरात घरं झाली. देखणी आहेत, खोटं कशाला सांगू. हिवाळ्यात एकही रिकामं नसतं. उन्हाळ्यात पाणी शंभर मीटर मागे जातं, पण तेव्हा तिकडे येतो कोण?

वर्षाची तपासणी मात्र चालू राहिली, कारण दस्तात कायमची आहे. दर जानेवारीत मी जायचो. खांब मोजायचे, सहा. चौथ्यावर पाणकावळा. पट्ट्यात पाणी, पाण्यात रोहित पक्षी, त्यांच्याकडे बोटं दाखवणारी माणसं व्हरांड्यात, ज्यांनी भाडं भरलंय ती. सालेम वडिलांना चाकाच्या खुर्चीतून पहिल्या घराच्या व्हरांड्यात आणून बसवायचा. मुलगा म्हणून तो चांगला आहे, त्यांचं सगळं स्वतः करतो. त्याची इच्छा असायची की दाखला मी बाबांना वाचून दाखवावा, त्यांना बरं वाटतं. मग मी समोर बसून वाचायचो. 'संरक्षित पट्ट्याची समक्ष पाहणी केली. हद्दीचे सर्व खांब जागेवर आहेत. पट्ट्यात कोणतेही बांधकाम आढळले नाही. कराराच्या अटींचे काटेकोर पालन होत आहे.' त्यातला शब्द न् शब्द खरा असायचा. बू सालेम तळ्याकडे बघत ऐकायचे आणि शेवटी मान हलवायचे. मला वाटायचं, बरं झालं, यांना आता आठवत नाही.

निवृत्त व्हायच्या आधी गेल्या जानेवारीत शेवटचा गेलो. सोपान गाडीत न थांबता बरोबर आला, बू सालेमच्या पाया पडला. तिकडे तशी पद्धत नाही, पण त्यांनी डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. मी कागद काढला आणि वाचायला लागलो. वाचून झाल्यावर त्यांनी या वेळी मान हलवली नाही. मांडीवर आडवी असलेली काठी डाव्या हाताने उचलली आणि माझ्याकडे बघत, तिने व्हरांड्याच्या फरशीवर दोनदा ठोकलं.

सालेमला वाटलं त्यांना चहा हवा आहे. तो आत गेला. मी खाली मान घालून दाखल्याची घडी केली, आणि सोपानने पुढे होऊन ती काठी परत त्यांच्या मांडीवर नीट ठेवली.